गाणी भाड्याची की घरची?

या पाठात काय शिकाल
• गाण्याच्या ॲपला दरमहा दिलेल्या पैशांतून तुम्हाला नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही.
• कॅसेट, सीडी, रेकॉर्ड विकत घेण्याचा आणि सांभाळण्याचा खरा खर्च.
• खात्यातून आपोआप कापली जाणारी रक्कम कशी शोधायची आणि कशी थांबवायची.
• घरातल्या जुन्या कॅसेटी विकण्याआधी काय पाहायचे.

एका घराची गोष्ट

जबलपूरच्या राइट टाउनमधले एक मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणा. कुटुंब कल्पनेतले आहे, पण त्याचा हिशेब तुमच्या-आमच्या घरातलाच आहे. आजोबा गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झालेले, पेन्शन बँकेत जमा होते. मुलगा पुण्याला नोकरीला. स्टेडियमच्या बाजूचे अंगणाचे जुने घर सोडून दोघे जवळच्याच एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जायला निघाले आहेत. फ्लॅट लहान, त्यामुळे एक कपाट कमी करावे लागणार. त्या कपाटात 64 कॅसेटी, 11 सीडी आणि वीसेक रेकॉर्डी आहेत. टेपरेकॉर्डर कधीचा बंद पडला आहे.

नातू म्हणतो, "आजोबा, हे सगळं मोबाइलवर मिळतं. कबाडीला देऊन टाका." आजोबांनाही ते पटत आले आहे. दिवाळीत आला तेव्हा नातवानेच दोघांच्या मोबाइलवर गाण्याचे ॲप टाकून दिले होते.

अशाच एका दुपारी आजोबा पासबुक भरून आणतात. त्यात दर महिन्याला तीन लहान रकमा गेलेल्या दिसतात: ₹120, पुन्हा ₹120 आणि ₹100. पहिली आजोबांच्या ॲपची, दुसरी आजींच्या मोबाइलवरच्या त्याच ॲपची. तिसरी कसली, हे दोघांनाही आठवत नाही. नीट पाहिल्यावर कळते की 'पहिला महिना मोफत' म्हणून सुरू केलेले ते दुसरे ॲप आहे. दिवाळीनंतर ते कोणी उघडलेलेच नाही.

महिन्याला ₹340, म्हणजे वर्षाला ₹4,080.

त्यामुळे कपाट ठेवायचे की काढायचे, या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न सोडवायला हवा: आपण गाण्यावर किती पैसे देतो आणि त्या बदल्यात काय मिळते?

भाडे म्हणजे काय, मालकी म्हणजे काय

गाण्याच्या ॲपची वर्गणी हे घरभाड्यासारखे आहे. भाडे भरता तोवर घर तुमचे. भाडे थांबले की किल्ली परत. दहा वर्षे भरलेत तरी एकही वीट तुमच्या नावावर होत नाही. यात फसवणूक नाही, भाड्याचा व्यवहार असाच असतो. अडचण येते ती भाड्याला मालकी समजल्यावर.

ॲपमधल्या 'डाउनलोड' या शब्दाने हा गैरसमज होतो. ॲपमध्ये डाउनलोड केलेले गाणे साधारणपणे त्याच ॲपमध्ये वाजते, तेही वर्गणी चालू असेपर्यंत. ते पेनड्राइव्हवर घेता येत नाही, मुलाला देता येत नाही. बहुतेक ॲपना ठरावीक दिवसांतून एकदा इंटरनेटला जोडून वर्गणी चालू आहे का, हे तपासावेही लागते.

घरमालक बदलला किंवा त्याने घर विकले, तर भाडेकरूला निघावे लागते. गाण्यांच्या बाबतीतही हे झाले आहे. गूगल प्ले म्युझिक 2020 मध्ये बंद झाले. गानाने 2022 मध्ये मोफत ऐकण्याची सोय बंद करून वर्गणी लावली. रेसो हे ॲप 31 जानेवारी 2024 रोजी भारतात बंद झाले आणि त्याच वर्षी एअरटेलने विंक म्युझिक बंद करण्याचे जाहीर केले. ज्यांनी वर्षानुवर्षे आवडीच्या गाण्यांच्या याद्या जमवल्या होत्या, त्यांना त्या दुसरीकडे नव्याने लावाव्या लागल्या.

ॲप चालू असले तरी त्यातले प्रत्येक गाणे टिकेलच असे नाही. ॲप गाण्याचे मालक नसते. मालक असते रेकॉर्ड कंपनी, आणि ॲप तिच्याशी करार करते. 2019 मध्ये स्पॉटिफाय भारतात आले तेव्हा सारेगामाशी त्याचा वाद कोर्टात गेला. सारेगामा म्हणजे आपण जिला एचएमव्ही म्हणून ओळखतो ती जुनी ग्रामोफोन कंपनी. दोघांचा करार 2020 मध्ये झाला, तेव्हा कुठे ती जुनी गाणी तिथे सुखाने ऐकता आली. 2023 मध्ये झी म्युझिकची गाणी करार न जमल्यामुळे त्याच ॲपवरून काढली गेली. ऐकणाऱ्याने पैसे वेळेवर भरले होते, तरी गाणे गेले.

मालकीतही खर्च असतो. विकत घेतलेली सीडी तुमची. ती उसनी देता येते, विकता येते, मुलांना ठेवता येते. बँक खात्याला आपण नॉमिनी लावतो, तसा गाण्याच्या ॲपच्या वर्गणीला लावता येत नाही. कपाटातल्या रेकॉर्डी मात्र घरातल्या भांड्यांसारख्या वारसांकडे जातात. पण सीडी वाजवायला प्लेअर लागतो, तो बिघडला तर दुरुस्त करणारा शोधावा लागतो, आणि ठेवायला जागा लागते. मालकाला घराची डागडुजी चुकत नाही, तसेच हे.

पाच वर्षांचा हिशेब

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या ॲपवरचा आणि तुमच्या गावच्या दुकानातला खरा आकडा घालून हिशेब पुन्हा मांडा.

1. ॲपची वर्गणी: दरमहा ₹120 × 60 महिने = ₹7,200. हवे ते गाणे ऐकायला मिळते. पाच वर्षांनी हातात काही उरत नाही. वर्गणी मध्ये वाढली तर खर्च वाढतो. मोबाइल डेटाचा खर्च वेगळा.

2. सीडी: प्लेअर ₹3,500 + दहा सीडी × ₹300 = ₹3,000 + दुरुस्तीसाठी ₹500 = ₹7,000. साधारण 120 गाणी आणि ती कायमची आपली.

3. रेकॉर्ड: वाजवण्याचे यंत्र ₹9,000 + दहा रेकॉर्डी × ₹1,500 = ₹15,000 + सुई बदलण्यासाठी ₹1,500 = ₹25,500. हा शौक आहे. ज्याला परवडतो त्याने आनंदाने करावा, पण हिशेबात तो शौक म्हणूनच लिहावा.

4. घरच्या कॅसेटींचे डिजिटल रूपांतर: दहा कॅसेटी × ₹150 मजुरी = ₹1,500 + दोन पेनड्राइव्ह ₹1,000 = ₹2,500. वाजवायला हातातला मोबाइल पुरतो.

पहिल्या दोन पर्यायांचा एकूण खर्च जवळजवळ सारखाच आहे. मग निवडायचे कसे? त्यासाठी आपण गाणी कशी ऐकतो ते पाहावे लागते.

ऐकण्याची सवय मोजा

एक महिना वहीचे एक पान ठेवा. ॲप उघडलेत त्या दिवशी एक रेघ मारा, आणि नवे गाणे ऐकले तर त्याचे नाव लिहा.

₹120 ची वर्गणी आणि रोज ऐकणे, म्हणजे दिवसाला ₹4 पडले. महागात पडले असे कोणी म्हणणार नाही. पण महिन्यात चारच रेघा असतील तर एका दिवसाच्या ऐकण्याला ₹30 पडले. दुसरीकडे, ₹300 ची एक सीडी महिन्यातून दोनदा लावली तर पाच वर्षांत ती 120 वेळा वाजते, म्हणजे एका वेळेला ₹2.50.

आता गाण्यांची नावे पाहा. नव्या सिनेमाची, नव्या गायकांची, नातवंडांच्या आवडीची अशी बरीच वेगवेगळी गाणी असतील, तर भाडे परवडते, कारण इतकी गाणी विकत घेणे कुणालाच जमणार नाही. उलट, तीच पंचवीस-तीस गाणी फिरून फिरून येत असतील, सकाळची भक्तिगीते, ठरलेली नाट्यपदे, ठरलेली भावगीते, तर तुम्ही त्याच तीस गाण्यांचे भाडे आयुष्यभर भरत आहात. ती एकदाच घरची करून घेतलेली बरी.

पैसे न देताही बरेच ऐकता येते. जाहिराती सोसायची तयारी असेल तर काही ॲपवर मोफत ऐकता येते. आकाशवाणी तर आहेच. 'गीतरामायणा'ची 56 गीते 1955 च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला लोकांच्या घरी पोचली, ती रेडिओवरूनच. आज जबलपुरात बसून मराठी केंद्र ऐकायचे असेल, तर प्रसार भारतीच्या 'न्यूज ऑन एअर' या मोफत ॲपवर देशभरातली आकाशवाणी केंद्रे मिळतात, मराठीही. शास्त्रीय संगीतासाठी 2016 पासून सुरू असलेली 'रागम' वाहिनी आहे. पैसे जातात ते फक्त डेटाचे.

मधला एक मार्गही आहे. ज्यांना मोबाइलची कटकट नको, त्यांच्यासाठी गाणी आधीच भरलेला रेडिओसारखा डबा मिळतो. सारेगामाने 2017 मध्ये आणलेला 'कारवाँ' हा त्यातला ओळखीचा. एकदाच पैसे, इंटरनेट नको, वर्गणी नको. पण आत जी गाणी आहेत तीच, आणि बॅटरी कधीतरी थकणार. घेण्याआधी गाण्यांची छापील यादी मागून वाचा आणि आपल्या वहीतल्या तीसपैकी किती त्यात आहेत ते मोजा.

आपोआप कापले जाणारे पैसे

आजोबांच्या पासबुकातले ते ₹100 इतके दिवस लक्षात का आले नाहीत?

यूपीआय ऑटोपे किंवा कार्डावर एकदा मंजुरी दिली की ₹15,000 पर्यंतची ठरावीक रक्कम दर वेळी पिन किंवा ओटीपी न मागता जाऊ शकते. वीजबिलासाठी ही सोय चांगली आहे. विसरलेल्या वर्गणीसाठी तीच महागात पडते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी रक्कम कापण्याआधी किमान 24 तास तुम्हाला सूचना यायला हवी. ती मेसेजने येते आणि जाहिरातींच्या गर्दीत हरवते.

हे करा:

• यूपीआय ॲपमध्ये आपल्या नावावर टिचकी मारा आणि 'ऑटोपे' किंवा 'मॅन्डेट' शोधा. चालू मंजुऱ्यांची यादी तिथे दिसते. नको असलेली 'रद्द' करा.
• मंजुरी कार्डावर दिली असेल तर बँकेच्या ॲपमध्ये किंवा शाखेत जाऊन चालू मॅन्डेटची यादी मागा.
• वर्गणी ॲपच्या आतूनही रद्द करा. मोबाइलवरून ॲप काढून टाकले म्हणजे वर्गणी थांबली, असे होत नाही. ही चूक सर्वांत जास्त होते.
• मोफत महिना घेतलात तर तो संपण्याच्या दोन दिवस आधीची तारीख कॅलेंडरवर लिहा.
• एकाच घरात दोघे तेच ॲप वापरत असतील तर दोघांची किंवा कुटुंबाची एकत्र योजना आहे का, पाहा. वर्षाची वर्गणी एकदम भरली तर स्वस्त पडते का, हेही पाहा. मात्र वर्षाचे पैसे वहीतला महिना पुरा झाल्यावरच भरा.

वर्गणी सुरू करणे सोपे आणि बंद करणे मुद्दाम अवघड ठेवणे, याला ग्राहक कायद्याच्या भाषेत वर्गणीचा सापळा म्हणतात. नोव्हेंबर 2023 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत असे 13 प्रकार अनुचित ठरवले आहेत, त्यांत हाही आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. मंजुरी रद्द करूनही खात्यातून पैसे गेले तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

एक सावधगिरी. 'वर्गणीचे पैसे परत करतो, पिन टाका' असा फोन आला तर तो ठेवून द्या. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर कळवा.

आपल्या आजोबांनी काय केले? ₹100 ची विसरलेली वर्गणी बंद केली. दोन वेगळ्या ₹120 च्या जागी दोघांची मिळून ₹170 ची योजना घेतली. महिन्याचा खर्च ₹340 वरून ₹170 वर आला, आणि गाणे एकही कमी झाले नाही.

वाचलेले ₹170 खात्यात नुसते पडून राहिले तर कुठेतरी खर्च होऊन जातील. पोस्टाचे पाच वर्षांचे आवर्ती ठेव खाते महिना ₹100 पासून उघडते आणि पुढे दहाच्या पटीत रक्कम ठरवता येते. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याचा व्याजदर 6.7 टक्के झाला. सरकार दर तिमाहीला दराचा आढावा घेते, म्हणून खाते उघडताना चालू दर विचारून घ्या. 6.7 टक्क्यांनी ₹170 दरमहा भरले तर पाच वर्षांत भरणा ₹10,200 होतो आणि हातात सुमारे ₹12,130 येतात.

कपाट विकण्याआधी

आता कपाटाकडे वळू. जुन्या रेकॉर्डींना 'आता सोन्याचा भाव आहे' असे कुणी सांगेल. तसे समजून चालू नका. रेकॉर्डीला ठरलेला बाजारभाव नसतो. कव्हर फाटले का, ओरखडे किती, गाणे दुर्मिळ आहे का, आणि त्या दिवशी घेणारा भेटतो का, यावर किंमत ठरते. दुकानात लावलेली किंमत आणि तुमच्या हातात पडणारी किंमत यांत मोठे अंतर असते. म्हणून बचत मोडून 'गुंतवणूक' म्हणून रेकॉर्डी घेऊ नका. आणि असलेल्या रेकॉर्डी न पाहता किलोच्या भावानेही देऊ नका.

कपाटातल्या वस्तूंचे तीन ढीग करा.

पहिला ढीग: जे कुठेही मिळते. गाजलेल्या सिनेमांच्या कॅसेटी यात येतात. त्या काढून टाकल्या तरी गाणे जात नाही.

दुसरा ढीग: जे शोधूनही ॲपवर मिळत नाही. एखाद्या जुन्या नाटकाची पदे, लहान कंपनीने काढलेले कीर्तन. प्रत्येकाचे नाव ॲपमध्ये टाकून खात्री करा. न मिळणारे राखून ठेवा.

तिसरा ढीग: जे जगात फक्त तुमच्याकडे आहे. आजोबांच्या कपाटात अशा चार कॅसेटी निघाल्या. एकीवर पेन्सिलने लिहिले होते, 'आई, मंगळागौर, 1987'. आजींच्या आईने राइट टाउनच्या त्याच अंगणात म्हटलेली गाणी, मागे फुगडीचा गलका. आजींनी कॅसेट हातात घेतली आणि म्हणाल्या, "ही कुठल्या ॲपवर मिळणार?"

कबाडी चार-सहा रुपये देऊन गेला असता. नंतर हजारो रुपये मोजले असते तरी ती परत मिळाली नसती. म्हणून खर्च करायचाच तर तो आधी या तिसऱ्या ढिगावर करा.

कॅसेट कशी उतरवायची

जबलपूरचा पावसाळा आणि चाळिशी ओलांडणारा उन्हाळा हे टेपचे शत्रू. टेपवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. तशी कॅसेट साफ केल्याशिवाय लावू नका, कारण बुरशी यंत्राच्या हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटींवर जाते.

चालू टेपरेकॉर्डर मिळाला, अगदी शेजाऱ्याचा का असेना, तर त्याच्या हेडफोनच्या भोकातून साधी ऑडिओ वायर कॉम्प्युटरला जोडा. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर वापरून रेकॉर्ड करा. 60 मिनिटांच्या कॅसेटला 60 मिनिटेच लागतात, घाई करता येत नाही. सीडीच्या दर्जाची फाइल मिनिटाला साधारण 10 एमबी जागा घेते, म्हणजे तासाला 600 एमबी. आजोबांच्या सगळ्या 64 कॅसेटी तासा-तासाच्या धरल्या तरी 38 जीबी होतात. 64 जीबीच्या एका पेनड्राइव्हवर अख्खे कपाट मावते.

बाहेरून करून घ्यायचे असेल तर आधी बिनमहत्त्वाची एक कॅसेट देऊन काम पाहा, आणि दर कॅसेटचा भाव लिहून घ्या. तीन प्रती ठेवा: एक पेनड्राइव्ह घरी, एक परगावच्या मुलाकडे, एक मोबाइलमध्ये. पेनड्राइव्हही कायम टिकत नाही, म्हणून वर्षातून एकदा लावून पाहा. विकतच्या कॅसेटींची प्रत मात्र स्वतःच्या ऐकण्यापुरतीच ठेवा, वाटू किंवा विकू नका.

आजोबांनी पहिला ढीग दिला, रेकॉर्डी भावाकडे ठेवल्या, दुसरा आणि तिसरा ढीग चपलेच्या दोन खोक्यांत मावला. कपाट गेले. फ्लॅटमध्ये पहिल्या संध्याकाळी मोबाइलवर 1987 ची मंगळागौर लागली. त्याला वर्गणी लागली नाही.

लक्षात ठेवा
• नवे आणि खूप ऐकायचे असेल तर भाडे द्या. थोडे आणि तेच ते ऐकायचे असेल तर घरचे करा.
• ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. ऑटोपे रद्द करा.
• रेकॉर्डी हा शौक आहे, बचत योजना नाही.
• जे फक्त तुमच्याकडे आहे, त्याची प्रत आधी करा.

स्वाध्याय
1. गेल्या तीन महिन्यांचे पासबुक घ्या. ₹500 च्या आतल्या, दर महिन्याला जाणाऱ्या रकमांखाली रेघ ओढा. प्रत्येक कशाची आहे, हे घरात सगळ्यांना विचारा.
2. तुमच्या ॲपची महिन्याची वर्गणी भागिले महिन्यात ॲप उघडल्याचे दिवस. उत्तर किती आले?
3. वहीत तुमची तीस गाणी लिहा. त्यांतली किती आज घरची आहेत?
4. घरात कुणाचा आवाज टेपवर आहे का? असेल तर ती कॅसेट आजच उन्हातून आणि ओलीतून काढून कोरड्या जागी ठेवा.